पंधरा वर्षांची मोटारसायकल आरटीओच्या तपासणीला नेताना

आमची स्प्लेंडर नोव्हेंबर २०१० ची. बाबा तिच्यावरून कळव्याहून रबाळ्याला कंपनीत जायचे. विटावा, ऐरोली, ठाणे-बेलापूर रोड, रोज जाऊन-येऊन तोच रस्ता. ते निवृत्त झाले आणि गाडी माझ्याकडे आली. २०२५ मध्ये तिला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती, म्हणून गणपती उठल्याबरोबर मी तयारीला लागलो. गाडी पहिल्याच फेरीत पास झाली. नंतर सोसायटीतल्या आणखी तीन जुन्या गाड्या मी तयार करून दिल्या आणि दरवेळी एकच गोष्ट दिसली. इंजिन म्हातारं झालं म्हणून गाडी क्वचितच अडते. अडते ती कागदावरच्या एका चुकीच्या अक्षरामुळे, गंजलेल्या बल्ब होल्डरमुळे, किंवा कामं उलट्या क्रमाने केल्यामुळे. म्हणून खाली सगळं ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

आधी नियम

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खाजगी मोटारसायकलची नोंदणी पंधरा वर्षं चालते. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. रिक्षा, टेम्पो अशा धंद्याच्या गाड्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतो. खाजगी दुचाकीला कायद्याने वार्षिक तपासणी नाही. पण घोडबंदर रोडचे खड्डे आणि खाडीकाठची खारी हवा खाल्लेली गाडी पाच वर्षं न बघता चालवणं मला पटत नाही. मी दरवर्षी पावसाळा संपला की खालची सगळी कामं करतो. ज्या वर्षी आरटीओची पाळी असते त्या वर्षी फक्त कागदांची भर पडते.

अर्ज मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो, त्याहून आधी नाही. नमुना क्रमांक २५ चा अर्ज परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर भरायचा, शुल्क तिथेच भरायचं आणि तपासणीची तारीख घ्यायची. नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनंतर वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारसायकलला ते २,००० रुपये आहे. शिवाय राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो; तुमच्या गाडीला तो किती हे पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला की दिसतं. उशीर झाला तर मोटारसायकलला दर महिन्यामागे ३०० रुपये जादा. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर सापडली तर कलम १९२ खाली पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड होतो. आणि अपघात झालाच तर विम्याच्या दाव्यात नोंदणी संपल्याचा मुद्दा निघतो, तो त्रास दंडापेक्षा मोठा.

त्यामुळे साठ दिवसांतले पहिले पंधरा दिवस कागदांना, पुढचे पंधरा गाडीला, आणि तपासणीची तारीख त्यानंतरची घ्या. म्हणजे काही अडलंच तर दुसऱ्या फेरीला महिनाभर हातात राहतो.

कागद

पोर्टलवर गाडीची माहिती उघडा आणि आरसीशी ओळ न ओळ ताडून बघा. मालकाचं नाव, पत्ता, रंग, चासी नंबर, इंजिन नंबर, कर्जाची नोंद. बहुतेक अडचणी इथेच उघड्या पडतात.

पहिली अडचण मोबाइल नंबरची. ओटीपी नोंदणीकृत नंबरवर जातो आणि २०१० मध्ये दिलेला नंबर आता बहुतेकांकडे नसतो, मुळात तो नोंदवलेलाच असेल याची खात्री नाही. आताचा नंबर नोंदवून घ्यायचं काम पहिल्या दिवशी करा.

दुसरी कर्जाची. हप्ते फिटून दहा वर्षं झाली तरी आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा तसाच असतो, कारण तो उतरवायला आपण कधी गेलेलोच नसतो. त्याला कंपनीचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ लागतो. कंपनीचं कार्यालय हललेलं असू शकतं, नाव बदललेलं असू शकतं, म्हणून पत्र मागायला लवकर लागा.

तिसरी पत्त्याची. ठाण्याची गाडी एमएच ०४, कल्याणची ०५, वाशीची ४३, पनवेलची ४६. ऐरोलीचा पूल ओलांडून घर बदललं की आरटीओ बदलतं. पत्ता जुनाच राहिला असेल तर नमुना ३३ भरून तो आधी बदलून घ्या.

चौथी अडचण मला सगळ्यात जास्त लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा एक दिवस म्हणाला, "दादा, आमची गाडीपण बघशील का? पुढच्या महिन्यात पंधरा वर्षं होतायत." आरसी पाहिली तर गाडी अजून काकांच्याच नावावर. काका जाऊन चार वर्षं झालेली, आणि मुलगा रोज तीच गाडी घेऊन घणसोलीला जात होता. कायद्यात यासाठी सोय आहे. मालक वारला की तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. घरात दुःख असताना गाडीचे कागद कोणाला आठवणार? पण नूतनीकरणाच्या अर्जावर मालकाची सही लागते, तिथे हे सगळं एकदम समोर येतं. मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती, प्रतिज्ञापत्र हे गोळा करून आधी नाव बदललं, मग नूतनीकरण झालं. मुदत तोवर उलटली होती आणि जादा शुल्क भरावं लागलं. तुमच्या घरात अशी गाडी असेल तर पंधराव्या वर्षाची वाट बघू नका, याच आठवड्यात कागद काढा.

उरलेलं भराभर. विमा चालू हवा, निदान थर्ड पार्टीचा. प्रलंबित ई-चलनं भरून टाका. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसलेली हवी. दुचाकीला तिचे जीएसटीसह ५३१ रुपये होतात आणि ती नसेल तर आरटीओतली कामं अडतात. प्लेट बसवून देणारा माणूस न उघडणारं कुलूप ठोकतो ते मोडू नका, आणि प्लेटवर स्टिकर, देवाचं नाव, पक्षाचं चिन्ह काहीही लावू नका. पीयूसी मात्र शेवटी काढायची, ती का ते पुढे येईल.

चासी नंबर आणि इंजिन नंबर

निरीक्षक गाडीजवळ आला की सगळ्यात आधी हे दोन नंबर बघतो. गाडी तीच आहे हे सिद्ध करणारी दुसरी कुठलीही खूण नाही. स्प्लेंडरचा चासी नंबर हँडलच्या खाली, चासीच्या मानेवर उजव्या बाजूला ठोकलेला असतो. इंजिन नंबर डाव्या बाजूला इंजिनच्या खालच्या भागावर. इतर गाड्यांत जागा वेगळी असते, पुस्तिकेत चित्र मिळेल.

पंधरा पावसाळ्यांत मानेवरचा रंग फुगतो, खाली गंज धरतो आणि आकडे बुजतात. तिथे रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास दाबून ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. पुन्हा रॉकेल, पुन्हा ब्रश. घाई नको. ग्राइंडर, लोखंडी तारेचा ब्रश, जाड पॉलिश पेपर यातलं काहीही तिथे लावू नका. ठोकलेले आकडे फार खोल नसतात, दोन मिनिटांत उडतील आणि मग तुमची स्वतःची गाडी संशयित होईल. पुसट आकडा स्वतः पंच मारून गडद करणं तर मुळीच करू नका. खरंच वाचता येत नसेल तर आरटीओत तसा अर्ज करा, त्याची रीतसर पद्धत असते. साफ झालं की कोरडं पुसून वर व्हॅसलिनचा पातळ थर द्या.

मग पेन्सिल प्रिंट घ्या. पातळ कागदाची पट्टी नंबरावर घट्ट धरायची आणि मऊ पेन्सिल आडवी करून हळूहळू फिरवायची. सगळे आकडे एका पट्टीवर, सलग आणि स्वच्छ यायला हवेत. चार-पाच प्रती काढून ठेवा, एखादी अर्जावर चिकटवताना फाटते.

प्रिंट आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. सतरा अंकी चासी नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. त्यामुळे आरसीवर शून्याच्या जागी ओ छापलेला दिसला तर ती नोंदीतली चूक आहे हे नक्की. अशी चूक तपासणीच्या दिवशी सापडली तर फेरी फुकट जाते. आधी सापडली तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो.

रंगाचंही असंच. मध्येच कोणी टाकी आणि साइड पॅनेल हौसेने दुसऱ्या रंगात करून घेतली असतील तर ते आरसीवरच्या रंगाशी जुळणार नाही. एक तर नोंद बदला नाहीतर मूळ रंग परत द्या.

चेन, मग ब्रेक, मग ब्रेकचा दिवा

हा क्रम बदलू नका. चेन ताणली की मागचं चाक मागे सरकतं. चाक सरकलं की ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि पेडलची ढील बदलते. पेडल बदललं की दिवा लावणाऱ्या स्विचचं टायमिंग बदलतं. वरच्या मजल्यावरच्या काकांच्या गाडीला आम्ही सगळं तपासून ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी कोपऱ्यावरच्या एका गॅरेजमध्ये फक्त चेन घट्ट करून घेतली. सकाळी आरटीओत पोचलो तर ब्रेकच्या पेडलवर पाय न ठेवताच मागचा लाल दिवा जळत होता आणि चाक हाताने फिरवलं तर घासत होतं. काका घाबरले, "अरे, काल तर सगळं ठीक होतं ना?" दोन नट अर्धा-अर्धा फिरवल्यावर दोन्ही ठीक झालं, पण तपासणीच्या रांगेत उभं राहून हे करायची पाळी कोणावर येऊ नये.

गाडी डबल स्टँडवर घ्या. बंद चेनकव्हर असेल तर त्याला खाली रबरी बूच असतं, ते काढून बोटाने चेन वर-खाली करा. अशा शंभर सीसीच्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर ढील लागते. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. एके ठिकाणी ताठ आणि दुसरीकडे लोंबती असेल तर चेन असमान ताणली गेली आहे. मग ॲडजस्ट करून उपयोग नाही, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेन ज्यांवरून फिरते ती दातेरी चक्रं) एकत्र बदला. नुसती चेन बदलली तर जुन्या स्प्रॉकेटचे झिजलेले दात नवी चेन लवकर खातात. ढील ठीक करताना आधी एक्सलचा नट सैल करा, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा, आणि दोन्हीकडच्या खुणा एकाच रेघेवर आल्यात ना ते बघून नट घट्ट करा. खुणा चुकल्या तर चाक तिरकं बसतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

आता ब्रेक. ड्रम ब्रेकमध्ये पेडल दाबलं की आतला कॅम फिरतो आणि दोन अर्धगोल ब्रेक शू ड्रमला आतून घासतात. शू किती शिल्लक आहेत हे चाक न उघडताही कळतं. ब्रेक पूर्ण दाबा आणि चाकाजवळच्या ब्रेक आर्मच्या मुळाशी असलेला बाण बघा. तो पॅनेलवरच्या खुणेपर्यंत पोचला असेल तर शू संपले. नट आवळून ब्रेक लागतोय असं वाटत राहतं, पण आत धातू उघडा पडायला आलेला असतो.

खूण अजून लांब असली तरी पावसाळ्यानंतर मी दोन्ही चाकं उघडतोच. ठाण्यात वंदना टॉकीजजवळ किंवा कुठल्याही सखल भागात गुडघाभर पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये गाळ शिरतो. आतली काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो छातीत जाणं घातक. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या. शूवर काचेसारखी चमक आली असेल तर पॉलिश पेपरने ती उतरवा. कॅमवर बोटाच्या टोकाएवढं ग्रीस लावा, जास्त नको. तापल्यावर ते वितळून लायनरवर गेलं तर ब्रेक लागणारच नाही. चाक परत बसवताना ब्रेक पॅनेलला चासीशी धरून ठेवणारी आडवी पट्टी, तिचा नट आणि त्यातली कॉटर पिन नीट बसली का ते डोळ्यांनी पाहा. ती पट्टी सुटली तर ब्रेक दाबताच अख्खं पॅनेल फिरतं आणि चाक जागेवर अडकतं. पिन दोन रुपयांची असते, जुनी वाकवून परत लावू नका.

मागच्या पेडलला २० ते ३० मिलिमीटर आणि पुढच्या लिव्हरला १० ते २० मिलिमीटर मोकळी ढील ठेवा. हाताने चाक फिरवून बघा, ते अडखळता कामा नये. मग स्विच. पेडल ढील संपून ब्रेक लागायला सुरुवात होण्याच्या क्षणी लाल दिवा लागला पाहिजे. पुढच्या लिव्हरला स्वतंत्र स्विच असतो, तोही वेगळा तपासा. बरेच जण फक्त पाय दाबून बघतात.

दिवे आणि वायरिंग

दिवा लागत नाही म्हणून बल्ब बदलायच्या आधी होल्डर बघा. वाशी, नेरूळ, बेलापूर, कळवा, सगळा खाडीचा पट्टा. तिथल्या हवेत पितळ हिरवं आणि लोखंड लाल व्हायला एक पावसाळा पुरतो. टेल लॅम्पची काच उघडा, होल्डरच्या आतला गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, स्प्रिंगवरचे टोक दाबून बघा, थोडं व्हॅसलिन लावा. चासीला जोडलेली अर्थची वायर कुठे स्क्रूने बसवली आहे ते शोधा, तो स्क्रू काढून खालचा गंज साफ करून परत घट्ट करा. इंडिकेटर चालू केला की टेल लॅम्प मिणमिणत असेल तर दोष बहुतेक याच अर्थचा असतो.

एका बाजूचा इंडिकेटर भरभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा पुढचा किंवा मागचा बल्ब गेलेला असतो, किंवा त्याची जोडणी तुटलेली असते. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी जमली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा आणि कोरडं करा. हॉर्न मूळ आवाजाचा हवा. पोपट-शिट्ट्या आणि प्रेशर हॉर्न काढूनच जा.

हेडलॅम्पमध्ये मूळचाच बल्ब लावा. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये पांढरा एलईडी टाकला की प्रकाश वर विखुरतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला रस्ता कमीच दिसतो. पाम बीच रोडवर रात्री समोरून असा एक दिवा आला की काय होतं ते तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गाडी भिंतीपासून पाचेक मीटरवर उभी करून, वर कोणाला तरी बसवून लो बीम लावा. प्रकाशाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा थोडी खाली पडली पाहिजे.

मागे लाल रिफ्लेक्टर, दोन आरसे, मागे बसणाऱ्यासाठी धरायची पट्टी, पाय ठेवायचे फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं साडी गार्ड, हे सगळं केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. साडी गार्ड तरुण मुलं काढून ठेवतात. ओढणी, पदर चाकात जाऊन झालेले अपघात ऐकलेत ना? मग ते तपासणीपुरतं लावून परत काढू नका.

जे निरीक्षकाच्या नजरेत न येताही बघायचंच

तपासणी काही मिनिटांची असते. त्या वेळात जे कळत नाही तेच जुन्या गाडीत सगळ्यात धोक्याचं असतं.

इंजिनखाली लाकडाचा ठोकळा देऊन पुढचं चाक उचला आणि हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मध्यभागी खटकन अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला. खड्ड्यांचे मार सरळ चालवताना बसतात, म्हणून खळगे मधल्या जागीच पडतात. अशी गाडी सरळ रेषेत स्वतःहून डुलते. मग फोर्कचे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉकॲबसॉर्बरचे, दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे ओढा. खडखड लागली तर कोनसेट सैल आहे. आवळून खडखड जाईल, पण खळगे जाणार नाहीत. दोन्ही वाट्या आणि छरे नवेच टाका.

चाक वर आणि खाली धरून आडवं हलवा, हललं तर बेअरिंग. मागचं चाक बाजूला ढकलून बघा, तिथे स्विंग आर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बुशची झीज कळते. फोर्कच्या पाइपवर तेलाचं वलय दिसलं तर ऑइल सील बदला, नाहीतर ते तेल ओघळून पुढच्या ब्रेकपर्यंत जाईल. तारांची चाकं असतील तर प्रत्येक तारेवर पाना हलकेच वाजवा. घट्ट तार टणकन वाजते, सैल तार बसक्या आवाजाची.

टायरच्या खाचांमध्ये झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात. कडेवर टीडब्ल्यूआय किंवा त्रिकोणाची खूण असते, तिच्या रेषेत आत बघा. टायर झिजून त्या उंचवट्याला टेकला की बदलायचा. वय कडेवरच्या चार आकड्यांत असतं. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या जुन्या गाडीचा टायर दिसायला जाड असतो पण रबर कडक होऊन बाजूला बारीक भेगा गेलेल्या असतात. पावसात ओल्या काँक्रीटवर तो साबणासारखा घसरतो. सहा-सात वर्षं झालेला टायर मी खाचा शिल्लक असल्या तरी ठेवत नाही.

पीयूसी शेवटी

पीयूसी केंद्रावर पहिल्या प्रयत्नात आकडा बसावा असं वाटत असेल तर त्याआधी सर्व्हिसिंग करा. बीएस हे गाडीच्या धुराचं सरकारी मानक. बीएस-३ आणि त्याआधीच्या गाडीला प्रमाणपत्र सहा महिन्यांचंच मिळतं, बीएस-४ पासून पुढे वर्षाचं. मार्च २००० नंतर बनलेल्या जुन्या फोर स्ट्रोक दुचाकीला आयडलिंगवर (ॲक्सिलरेटर न देता इंजिन नुसतं चालू असताना) कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४,५०० पीपीएम ही मर्यादा आहे.

यातला कुठला आकडा वाढलाय यावरून दोष कुठे आहे ते कळतं. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर तुंबलेला असेल, चोक अर्धवट अडकलेला असेल किंवा मिश्रणाचा स्क्रू बिघडलेला असेल. हायड्रोकार्बन जास्त म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय किंवा ऑइल जळतंय. प्लग, प्लगची टोपी, टॅपेट, शेवटी पिस्टन रिंग आणि व्हॉल्व्ह सील या क्रमाने बघा. सकाळी पहिल्या किकला थोडा पांढरा धूर म्हणजे सायलेन्सरमधलं पाणी, त्याची काळजी नको. गाडी गरम झाल्यावरही निळसर धूर येत असेल तर मात्र ऑइल जळतंय आणि कार्बोरेटरशी खेळून ते लपणार नाही.

एअर फिल्टर आणि प्लग नवे टाका, एकत्र मिळूनही ते फार महाग नाहीत. १०डब्ल्यू३० ऑइल बदला. कार्बोरेटर साफ करून घ्या. मिश्रणाचा स्क्रू हलवण्याआधी तो किती फेरे उघडा होता ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे बिघडलं तर परत येता येतं. आयडलिंग मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपास ठेवा. सायलेन्सरला स्टँडजवळ खालच्या बाजूला गंजून भोक पडतं, तिथे हात धरून हवा लागते का बघा. भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि यंत्राचा आकडा चुकतो, शिवाय आवाज वाढतो. मग दहा-पंधरा किलोमीटर गाडी पळवा आणि गरम इंजिननेच केंद्रावर जा. थंड इंजिनवर आकडा हमखास जास्त येतो.

गाडी न बघताच प्रमाणपत्र देतो म्हणणारा कोणी भेटला तर तिथून निघा. ती गाडी आपण रोज नाक्यावर, मुलांच्या शाळेसमोर उभी करतो.

तपासणीचा दिवस

आदल्या दिवशी गाडी धुवा, पण इंजिनवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका. सकाळी निघण्याआधी पुन्हा एकदा सगळे दिवे, हॉर्न, दोन्ही ब्रेक. टायरमधली हवा पुस्तिकेप्रमाणे; आमच्या गाडीला एकटा माणूस असेल तर पुढे २५ आणि मागे २८ पीएसआय.

पिशवीत मूळ आरसी, विमा, पीयूसी, सही केलेला नमुना २५, शुल्क आणि कराच्या पावत्या, तारीख मिळाल्याची चिठ्ठी, मालकाचं ओळखपत्र, पेन्सिल प्रिंट आणि सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. दुसऱ्या पिशवीत दोन पाने, स्क्रू ड्रायव्हर, एक टेल लॅम्पचा आणि एक इंडिकेटरचा बल्ब, स्वच्छ फडकं. हेल्मेट घालून जा. मुदत आधीच संपली असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत घाला.

तपासणीची जागा चिठ्ठीवर लिहिलेली असते. कार्यालय एकीकडे आणि तपासणी दुसरीकडे असू शकते, म्हणून आदल्या दिवशीच खात्री करा. फाटकापाशी "साहेब, आत ओळख आहे, लगेच करून देतो" म्हणणारे भेटतील. वरची कामं झालेली असतील तर त्यांची गरज पडत नाही. रांगेत उभे राहा. मोटार वाहन निरीक्षक नंबर ताडून बघतात, दिवे-हॉर्न-ब्रेक लावायला सांगतात, प्लेट, टायर, आरसे, सायलेन्सर बघतात. विचारलं तेवढंच सरळ सांगा. एखादी उणीव काढली तर वाद घालू नका. नेमकं काय करून आणायचं ते विचारा, शक्यतो शेरा लिहून घ्या. बल्बसारखी किरकोळ गोष्ट असेल तर तिथेच बदलून लगेच परत दाखवता येतं का तेही विचारा.

मंजुरी झाली की काही दिवसांनी पोर्टलवर नवी मुदत दिसते. ती पाच वर्षांची पडली आहे का, नाव आणि नंबर बरोबर आहेत का, हे स्मार्ट कार्ड हातात यायच्या आधीच बघा. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरची आरसी वाहतूक पोलिसांना दाखवायला चालते, म्हणून कार्ड पोस्टाने येईपर्यंत ती मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. काढलेल्या पेन्सिल प्रिंटमधली एक आणि शुल्काची पावती पाकिटात घालून त्यावर पुढच्या पीयूसीची तारीख लिहा. आमच्या पाकिटावर बाबांनी स्वतःच्या हाताने मे २०२६ लिहिलं आहे.